हट्टी मणी: आधी वेज बघा, मग भाव विचारा

ठाण्यात मण्यांचं काम सगळ्यात महाग पडतं ते नवरात्राच्या आधी आणि तुळशीचं लग्न लागून लग्नसराई सुरू झाली की. मणी महागतात म्हणून नव्हे, तर ओवणाऱ्या हातांना सवड नसते म्हणून. टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला देवीचा उत्सव आता एवढा मोठा झाला आहे की त्या दिवसांत नाक्यावरची वाहतूक वळवावी लागते. घराघरांतून ठेवणीतली ठुशी, तन्मणी, बोरमाळ बाहेर निघते ती याच दिवसांत. वर्षानुवर्षं डब्यात पडून असलेल्या दागिन्याचा दोरा बहुतेक वेळा विरलेलाच असतो. मग धावाधाव सुरू होते आणि घाईत सांगितलेली मजुरी मुकाट्यानं द्यावी लागते. म्हणून पहिला सल्ला अगदी साधा: गाठवायचं काम श्रावणात उरकून घ्या.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात मणीकामावर खर्च करणारे लोक दोन तऱ्हेचे. काहींना घरातला दागिना गाठवून घ्यायचा असतो, तर काहींना स्वतः बसून तोरण, महिरप, मोत्यांची नथ नाहीतर रुखवतातला मण्यांचा नारळ करायचा असतो. दुकानात शिरल्यावर दोघेही मण्याचा रंग बघतात, चकाकी बघतात आणि भाव विचारतात. माझं ठाम मत असं की आधी मण्याचं भोक, म्हणजे वेज बघावा. मण्याचा भाव रंगावर आणि मालावर ठरतो, पण तयार दागिन्याचा खर्च वेजावर ठरतो. सुई किती वेळा अडकणार, किती मणी फुटणार, दोरा किती महिने टिकणार, हे सगळं त्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या जागेत आधीच ठरून गेलेलं असतं.

पुढे दिलेले भाव ढोबळ आहेत. दुकानागणिक आणि हंगामागणिक ते बदलतात. त्यामुळे आकड्यापेक्षा हिशेबाची रीत लक्षात ठेवलेली बरी.

काळी पोत

काचेचा बारीक मणी मुख्यतः दोन तऱ्हेनं होतो. एका पद्धतीत तापलेल्या काचेची पोकळ नळी लांबच लांब ओढतात आणि थंड झाली की तिचे तुकडे पाडतात. आंध्र प्रदेशातलं पापनायडूपेट या कामासाठी ओळखलं जातं. दुसऱ्या पद्धतीत मातीचा लेप दिलेल्या लोखंडी सळईवर वितळलेली काच गुंडाळतात. उत्तर प्रदेशातल्या हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर काचेच्या मण्यांसाठी नावाजलेलं आहे. त्रास दोन्हींत आहे. नळी कापली की मण्याच्या दोन्ही तोंडांना काचेची धार राहते. ती मोडावी म्हणून मणी बारीक भुकटीत घोळून पुन्हा भाजतात. भुकटी अशासाठी की काच मऊ पडल्यावर भोक बुजू नये. भाजणी कमी पडली तर धार राहते आणि धुणं नीट झालं नाही तर भुकटी भोकातच चिकटून बसते. सळईवरच्या मण्यात हीच गत मातीची होते. वरून बघाल तर सगळे मणी सारखेच काळेभोर.

दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी करता येतात. चिमूटभर मणी तळहातावर घेऊन एकेक मणी उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला नाही तर तो मणी बुजलेला आहे. मग साध्या सुती दोऱ्यात दहा-बारा मणी ओवा, दोरा दोन्ही हातांत ताणून धरा आणि मणी पुढेमागे सरकवा. दोऱ्याला लव सुटली तर मण्याला धार आहे. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही.

धारेचं एवढं का मनावर घ्यायचं? चोवीस इंची दोनपदरी मंगळसूत्रात २ मिलिमीटरचे मणी घातले तर ते सहाशेच्या घरात जातात. सहाशे मणी म्हणजे बाराशे कडा. त्यांतली एक कड धारदार निघाली आणि गळ्यावरच्या हालचालीनं ती रोज दोऱ्यावर घासत राहिली, की पोत तिथेच तुटणार. दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याचं काम कितीही चांगलं असो, तिथे त्याचा इलाज नाही.

खर्चाचं गणित असं. साधे काचेचे काळे मणी थोडक्या रुपयांत येतात, पैलू पाडलेले नीट मणी शंभर-दोनशेत. एकपदरी पोत ओवून देण्याची मजुरी शंभरच्या आसपास धरा. पदर वाढले, मध्ये सोन्याचे मणी आणि वाट्या आल्या की ती दोन-तीनशेवर जाते. आता स्वस्त मण्यांची पोत वर्षातून दोनदा तुटली तर मजुरीचेच चार-पाचशे झाले. मण्यांवर दीडशे रुपये जास्त घालून तीच पोत वर्ष-दीड वर्ष चालली तर पैसे वाचले आणि लोकलच्या गर्दीत सोन्याची वाटी हरवायची धास्तीही गेली. वाटीच्या दोन्ही बाजूंना गाठ मारून द्यायला आवर्जून सांगा. त्यामुळे पोत तुटली तरी वाटी सहसा जागा सोडत नाही.

सोन्याच्या तारेत गाठवलेल्या मंगळसूत्राचा हिशेब निराळा आहे. तारेचं सोनं त्या दिवसाच्या भावानं, वर घडणावळ, त्यावर घट. तार वळवताना काचेचा मणी तडकू शकतो, म्हणून इथे मणी निवडकच हवेत. घेताना विचारायचा प्रश्न एकच: पुढे मधला एखादा मणी फुटला तर तो बदलून द्यायचे किती घेणार? दोऱ्यातल्या पोतीत हे काम मिनिटांचं आहे. तारेत मात्र कडी उघडून नवी तार घालावी लागते.

मोती

मोत्यांनी भल्याभल्या हातांचा कस पाहिला आहे. साध्या सोळा इंची सरात ६ मिलिमीटरचे साधारण पासष्ट-सत्तर मोती बसतात. दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारून घेतली तर सर तुटला तरी एकच मोती सुटतो आणि मोती मोत्यावर घासत नाही. ही गाठ मोत्याच्या अगदी कुशीत बसली पाहिजे. थोडी सैल राहिली तर दोरा दिसतो, घट्ट ओढली तर सर ताठर होतो. पटवेकरी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताण धरतात, रेशमाला मेण लावतात, गाठ सुईच्या टोकावर झेलून मोत्यापर्यंत ढकलतात आणि मगच सुई काढून घेतात. हे सत्तर वेळा. मोत्यामागे पाच रुपये मजुरी धरली तर साडेतीनशे रुपये होतात आणि त्या हातांसाठी ते मला मुळीच जास्त वाटत नाहीत. गाठीशिवाय ओवून घेतलं तर काम निम्म्यात होतं, पण चांगल्या मोत्यांच्या बाबतीत ही काटकसर करू नये. दोरा रेशमाचाच मागा. तंगूस स्वस्त आणि मजबूत असला तरी वर्ष-दोन वर्षांत पिवळट आणि कडक होतो, मोत्यांचा सर गळ्यावर पडायचा तसा पडत नाही.

खरा हट्टी असतो तो जुना मोती. पणजीच्या नथीतला, तन्मणीच्या खोडातला, भिकबाळीतला. संवर्धित मोत्यांची सुरुवात जपानात मिकीमोतोनं १८९३ साली केली, पण ते बाजारात मोठ्या प्रमाणावर आले १९२०च्या दशकात. त्याआधीच्या मराठी दागिन्यातला मोती खरा असेल तर तो बहुधा इराणच्या आखातातला, ज्याला आपण बसरा म्हणतो तो. असा मोती वजनावर विकला जाई. मोठा वेज म्हणजे मोत्याची भुकटी आणि भुकटी म्हणजे वजनातली घट. म्हणून विंधणारा जेमतेम दोरा जाईल एवढंच भोक पाडी. तेही कमानीनं फिरणाऱ्या बारीक सामत्यानं, अर्धं एका बाजूनं आणि अर्धं दुसऱ्या बाजूनं. दोन्ही भोकं मध्यावर भेटताना केसभर जरी सरकली तरी आत एक पायरी राहते. बाजारातली बारीकशी सुईसुद्धा नेमकी त्या पायरीला अडते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मोत्यात कचरा आहे. जाणता माणूस मोती बोटात किंचित फिरवतो, रेशमाच्या टोकाला डिंक लावून ते टोकदार आणि कडक करतो आणि सुईशिवायच दोरा आत सरकवतो. मोती जबरदस्तीला दाद देत नाही. हलक्या हाताला देतो.

इथेच ग्राहकाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. अडलेला मोती बघून कोणी म्हणतं, "भोक जरा मोठं करून देतो, दहा-वीस रुपये होतील." हे वाक्य ऐकलं की मोती परत मागा. साधा गोड्या पाण्यातला संवर्धित मोती असेल तर भोक मोठं करायला हरकत नाही. हिऱ्याच्या भुकटीची बारीक कानस पाण्यात बुडवून चालवतात आणि ते होऊन जातं. पण मोती जुना, नैसर्गिक असेल तर एकदा मोठा झालेला वेज परत लहान होत नाही आणि मोत्याची किंमत कायमची उतरते. नैसर्गिक की संवर्धित हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीनं सांगता येत नाही. दाताला घासून बघितलं तर मोती की प्लास्टिक एवढंच कळतं. खात्री हवी असेल तर एक्स-रे तपासणी लागते. मुंबईत रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे आधी दर विचारून जा. एका सुट्या मोत्यासाठी हा खर्च जड वाटेल, पण अख्ख्या जुन्या नथीसाठी तो करायलाच हवा.

आणखी एक. मोती मऊ असतो. मोहस् मापावर त्याची कठीणता अडीच ते साडेचार, तर काच साधारण साडेपाच. काचेचा धारदार मणी मोत्याला खेटून बसला की वेजाच्या तोंडाशी मोती झिजतो. त्यामुळे मोती आणि काचेचे लाल-हिरवे मणी एकत्र ओवताना मध्ये सोन्याचा बारीक मणी किंवा निदान गाठ घालून घ्या. त्यानं मजुरी थोडी वाढली तरी वाढू द्या.

बोरमाळ, मोहनमाळ

सोन्याचे मोठे मणी बहुतेक पोकळ असतात आणि पुष्कळदा आत लाख भरलेली असते. लाख पत्र्याला आधार देते, पण कधी वेजात उतरते आणि सुई अडवते. घरी गॅसवर सुई तापवून ती खुपसू नका. लाख वितळून पसरते आणि मण्याला पोचा पडला तर तो काढायला आतली लाख काढून पुन्हा भरावी लागते. हे काम सोनाराचं आहे आणि त्याची मजुरी ओवण्याच्या मजुरीच्या कितीतरी पट असते.

नवी माळ घेताना लाखेचं वजन सोन्याच्या भावानं मोजलं जात नाही ना, ते बघा. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक असलेलाच हॉलमार्कचा दागिना विकता येतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला यातून सूट आहे, म्हणून सुट्या बारीक मण्यांवर तो शिक्का दिसणार नाही. हॉलमार्किंगचं शुल्क नगामागे ४५ रुपये अधिक जीएसटी. ते बिलात वेगळं दाखवलेलं असावं. यापेक्षा बरीच मोठी रक्कम "हॉलमार्क चार्ज" म्हणून लावली असेल तर लगेच विचारा. एचयूआयडी खरा आहे का, हे बीआयएस केअर या अ‍ॅपवर दुकानातच तपासता येतं.

घरी बसून करणाऱ्यांसाठी

आपल्याकडचा देशी बारीक मणी आणि जपानी मणी यांच्या भावातली तफावत बघून नवशिक्याचं डोकं गरगरतं. देशी मण्यांचं शंभर ग्रॅमचं पाकीट शंभर रुपयांच्या आसपास मिळतं. मियुकी कंपनीच्या डेलिका जातीचे अकरा नंबरचे जपानी मणी पाच ग्रॅमलाच दोन-सव्वादोनशे घेतात. (नंबर जेवढा मोठा तेवढा मणी बारीक: पंधरा नंबर अकरापेक्षा लहान.) पण ग्रॅमचे भाव समोरासमोर ठेवून उपयोग नाही. डेलिकाचे एका ग्रॅममध्ये सुमारे दोनशे मणी येतात, तर अकरा नंबरच्याच गोल मण्यांचे एकशेदहाच्या आसपास. तुलना करायची ती मण्यांच्या संख्येवर आणि आपल्या तासांवर.

समजा सोळा सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद अशी हातातली पट्टी करायची आहे. वीस मण्यांच्या रुंदीत, एकात एक गुंतवलेल्या विणीत, त्याला दोन हजार डेलिका लागतात. म्हणजे दहा ग्रॅम, साधारण साडेचारशे रुपये. सवयीचा हात मिनिटाला आठ मणी घालतो, तर काम सव्वाचार तासांत होतं. हेच देशी मण्यांत करायचं तर माल पन्नास रुपयांतच येईल. पण त्यांतला तिसरा हिस्सा जाड, बारीक, तिरका, बुजका निघेल. तांदूळ निवडावेत तसे आधी ताटात पसरून मणी निवडावे लागतील. मग मध्येच सुई अडेल आणि ओळ उसवावी लागेल. साडेसहा तास धरा. आता आपल्या तासाला पावणेदोनशे रुपये मोल लावलं तर दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्याच भावाला पडतात. त्याहून कमी मोल लावत असाल, किंवा हे काम आनंदासाठी करत असाल, तर देशी मणी घ्या. विकण्यासाठी करत असाल तर जपानी घ्या, कारण गिऱ्हाईक पट्टीची कड सरळ आहे का हेच आधी बघतं. दारावरचं तोरण आणि गौरीची महिरप लांबून बघायच्या असतात. त्यांना महाग मणी घालणं म्हणजे पैशांची नासाडी.

निवडून बाजूला काढलेले मणी टाकू नका. चपटे मणी कडेला आणि वळणावर लागतात, जाड मणी पाकळी फुगवायला. गोल गळ्याची चिंचपेटी करताना आतल्या बाजूला बारीक आणि बाहेरच्या बाजूला जाड मणी घातले की ती आपोआप वळते. एकसारख्या मण्यांत तीच वळण घेत नाही. देशी मण्यांच्या कामाला हातमागाच्या कापडासारखं जे जिवंतपण येतं, ते मला तरी यंत्रानं कापलेल्या मण्यांत कधी दिसलं नाही. निवडायला घातलेले तास तिथे सत्कारणी लागतात.

चुकून जास्तीचा मणी ओवला गेला आणि ते दहा ओळींनंतर कळलं, तर पकडीनं तो चिरडू नका. चिरडलेल्या काचेची कपची दोरा कापते. त्या मण्याच्या भोकात टोच्या हळूच सरकवत न्या. मणी आतून बाहेरच्या बाजूला फुटतो आणि दोरा शाबूत राहतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

रंगाची परीक्षा पाकीट फोडण्याआधी होत नाही, म्हणून पहिल्यांदा लहान पाकीटच घ्या. दहा मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात चोळा, दहा नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवा, दहा आठवडाभर खिडकीत उन्हात ठेवा. गुलाबी, जांभळे आणि सोनेरी मुलाम्याचे मणी यात सर्वांत जास्त नापास होतात. रुद्राक्षाचं भोक नैसर्गिक असतं आणि आतले तंतू सुईला अडवतात. ते कोरड्या टोच्यानं साफ करा.

सुया दहा आणि बारा नंबरच्या, पाकिटानं घ्या. त्या वाकतात, मोडतात, हा खर्च गृहीत धरा. थोडंफार सामान टेंभी नाक्यावरून चालत जांभळी नाका, कोपिनेश्वराच्या आसपासचा बाजार आणि स्टेशन रोड इथे मिळतं. कल्याणकरांना बाजारपेठ, डोंबिवलीकरांना फडके रोडचा परिसर. घाऊक घ्यायचं तर मुंबईत भुलेश्वर आणि अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठ. घाऊक बाजारात एका रंगाचं अख्खं पाकीट गळ्यात मारलं जातं. तेव्हा दोघी-तिघींनी मिळून जावं आणि वाटून घ्यावं.

दागिना देताना

गाठवायला दिलेला दागिना म्हणजे दुसऱ्याच्या हाती सोपवलेली ठेव. देण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मोती आणि सोन्याचे मणी मोजा, दुकानाच्या काट्यावर आपल्यासमोर वजन करून घ्या. पावतीवर संख्या, वजन, दोऱ्याचा प्रकार, ठरलेली मजुरी, परत मिळायची तारीख आणि "उरलेले मणी परत" एवढं लिहून घ्या. समोर बसून करून देणारा पटवेकरी मिळाला तर थांबा, तो तासाभराचा वेळ वाया जात नाही.

पावती मागायला संकोच वाटायचं कारण नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार वस्तूची किंवा सेवेची पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत लिहिली नसेल, तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीदेखील. आधी दुकानदाराशी बोला, मग लेखी कळवा. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. त्यापुढे ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. तक्रार घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत द्यावी लागते. सोबत पावती, आधीचा फोटो आणि मोत्यांची मोजलेली संख्या जोडा.